पायाखालचा पत्रा

गिऱ्हाईक दुकानात शिरताना पहिल्या वाक्यात जे सांगतं, त्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे आणि बावीस वर्षं लोकांचे दिवे, हॉर्न आणि सेल्फ दुरुस्त करता करता हा माझा स्वभावच होऊन बसला आहे. ‘दिवा आपोआप गेला’ म्हणणाऱ्याने आदल्या रात्री फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबलेली असते, आणि ‘वायरला कोणी हात लावला नाही’ अशी शपथ घेणाऱ्याच्या डिकीत मेव्हण्याने बसवलेल्या स्पीकरच्या वायरी लोंबत असतात. माझी बायको मोहिनी म्हणते की तुमच्या खिशात टेस्ट लॅम्प असतो तसाच संशयही असतो, आणि दिसेल त्याला तुम्ही तो टोचून बघता. तिचं बोलणं मला लागतं, पण खोटं आहे असं म्हणता येत नाही.

म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी हरिदासजी आपली राखाडी रंगाची जुनी लहान गाडी घेऊन आले, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य मी नेहमीप्रमाणे एका कानाने ऐकलं.

“ब्रेक लाइट आपल्याच मनानं लागते,” ते म्हणाले. “मी पाय बी नाई लावत, अन् मागं लाल. मागचे लोक हॉर्न मारून मारून जीव खातेत. परवा आर्वीच्या अलीकडं एक जीपवाला आडवा झाला, म्हने, उगाच ब्रेक काऊन मारून राह्यला बुढ्या? मले! मले म्हनते!”

तो ‘मले’ त्यांना फार लागला होता. आष्टीकडच्या एका खेड्यात राहणारे हरिदासजी एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. एकोणतीस वर्षांत एकही अपघात नाही, असं त्यांनी पाच मिनिटांत दोनदा सांगितलं, आणि सुरक्षित सेवेचा बिल्ला अजून त्यांच्या शर्टाच्या खिशावर लावलेला होता. मागच्या सीटवर त्यांची मुलगी आचल बसली होती. पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. काही नाजूक गुंतागुंत असल्यामुळे दर पंधरा दिवसांनी तिला वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला आणावं लागत होतं आणि जाऊन येऊन दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचा तो प्रवास हरिदासजी स्वतः गाडी चालवून करत होते. ड्रायव्हरच्या शेजारी, डावीकडच्या सीटवर, त्यांची बायको अन्नपूर्णाबाई बसलेल्या. गाडी दुकानात लागल्यावर आचल खाली उतरून सावलीतल्या खुर्चीवर बसली, हरिदासजी उतरले, पण अन्नपूर्णाबाई उतरल्या नाहीत. दार उघडं ठेवून, पाय आतच ठेवून, त्या बसून राहिल्या. मला ते त्याच वेळी खटकलं होतं. पण गुडघे दुखत असतील अशी मी स्वतःची समजूत घातली.

ब्रेक लाइटचं काम तसं सोपं. पेडलच्या वर एक बोटाएवढं स्विच असतं, पेडल खाली गेलं की ते जुळतं आणि मागे दोन लाल दिवे लागतात. दिवे आपोआप लागत असतील तर स्विच अडकत असेल, नाहीतर वायर कुठेतरी सोलवटून शेजारच्या वायरीतून करंट घेत असेल, नाहीतर दिव्याच्या घरात पाणी शिरून गंज चढून अर्थिंग कच्चं झालं असेल. चौथं कारण मला ठाऊक नाही. स्विच नवंकोरं होतं. आर्वीच्या कैलासने दोन महिन्यांत ते दोनदा बदललं होतं, असं कळलं. हा कैलास धंदा शिकला माझ्याच हाताखाली आणि आता मलाच पाण्यात पाहतो. त्यामुळे काहीतरी खोडसाळपणा करून त्याने मुद्दाम ही गाडी माझ्याकडे धाडली, अशी शंका मला आली, आणि मी ईर्ष्येनेच कामाला लागलो.

मी दुकानात एकटाच असतो. मागचे दिवे लागतात की नाही हे बघायला दुसरा माणूस नसतो, म्हणून गाडी उलटी घेऊन चुना लावलेल्या भिंतीजवळ लावायची आणि आरशात भिंतीवरची लाली बघायची, ही माझी जुनी रीत. त्या दिवशी मी तासभर त्या भिंतीकडे बघत बसलो होतो. सगळ्या वायरी हलवून पाहिल्या, दिव्यांची घरं उघडून पुसली, अर्थिंगचा नट काढून घासून पुन्हा आवळला. पेडल दाबलं की भिंत लाल, सोडलं की पांढरी. गाडी जाग्यावर उभी असताना तिच्यात काही म्हणजे काही दोष नव्हता. तसं मी सांगितलं, हरिदासजींचा चेहरा पडला, आणि ते निघून गेले.

पंधरा दिवसांनी ते परत आले. तक्रार तीच.

या वेळी मी म्हणालो, “काकाजी, तुमी पुढं चाला, मी गाडीमागून मोटरसायकलवर येतो. पिपरीपर्यंत जाऊन येऊ.”

आचलला दुकानात बसवलं आणि आम्ही निघालो. दुपारचा रस्ता मोकळा होता. मी वीस-पंचवीस हात अंतर ठेवून मागून जात होतो, आणि काय होतं ते मला पहिल्या दोन मिनिटांत दिसलं. पुढे गतिरोधक असेल, बैलगाडी असेल, कुत्रं असेल, तर ते जवळ यायच्या कितीतरी आधी दिवे लागत, आणि मग हळूहळू गाडीचा वेग कमी होई. कुठे काही नसताना दिवे एकदाही लागले नाहीत. म्हणजे दिवे बरोबर होते, माणूसच चूक सांगत होता. म्हातारा भित्रेपणाने लांबूनच ब्रेकवर पाय ठेवतो आणि कबूल करायला लाजतो, एवढीच ही भानगड असा माझा पक्का समज झाला. मनातून मला बरंही वाटलं, कारण दोष वायरीत नव्हता आणि कैलासलाही तो सापडला नव्हता.

आता हे एकोणतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाच्या तोंडावर कसं सांगायचं? पुरावा हवा होता. मी स्विच तपासतो असं सांगून पायापाशी वाकलो आणि खिशातला खडू ब्रेकच्या रबरावर चांगला घासला, खाचाखाचांत भरला. असा खडू मी चोरटी गिऱ्हाइकं पकडायला पूर्वीही वापरला आहे. तळव्याचा नुसता स्पर्श झाला तरी तो उठतो. “आता एक चक्कर मारून या,” मी म्हणालो, “परत पिपरीपर्यंत. मी इथंच थांबतो.”

ते गेले आणि वीस मिनिटांनी आले. दुकानासमोर येऊन गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर अलगद थांबली. हरिदासजी उतरून चहाच्या टपरीकडे वळले तसा मी आत डोकं घातलं.

खडू जसाच्या तसा होता. एकही खाच पुसली गेली नव्हती. आधी मला वाटलं की गडबडीत आपण खडू क्लचला लावला, पण क्लच काळा होता आणि मधल्या पेडलवर पांढरं. बोट लावून पाहिलं, बोटाला खडू आला. हरिदासजी टपरीवर पाय पसरून बसले होते. त्यांच्या चपलेचा तळवा मला लांबूनही दिसत होता आणि तो स्वच्छ होता. पिपरीपर्यंतच्या रस्त्यावर चार गतिरोधक आहेत. ते चारही दोन्ही बाजूंनी ओलांडून, भर नाक्यातून येऊन, ही गाडी माझ्या पुढ्यात येऊन थांबली होती.

“हँडब्रेकनं थांबवता का जी गाडी?” मी जाऊन विचारलं.

ते हसले. “हँडब्रेकनं कोन थांबवते बावा?”

“मंग पायानं?”

“मंग काय हातानं?” ते म्हणाले, आणि माझ्याकडे जरा निरखून बघू लागले. संशय घेणं हा माझा हक्क असतो, पण त्या घटकेला त्यांना माझाच संशय आला असावा. मी विषय बदलला. परत आलो तेव्हा अन्नपूर्णाबाई आपल्या सीटवरून माझ्या बोटाला लागलेल्या खडूकडे बघत होत्या. त्या दिवशी मी पुढच्या खेपेला जास्त वेळ काढून या, एवढंच सांगितलं आणि गाडी जाऊ दिली.

ते पंधरा दिवस मला नीट झोप लागली नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी मनात सारखा माणसं पारखत होतो. म्हातारा नाटकी आहे का? बाई काही खेळ करते का? कोणी तिच्या पायाशी चोरून दुसरं पेडल बसवलं आहे का? गाडी शिकवणाऱ्यांच्या गाड्यांना तसं असतं, शेजारी बसणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक. कदाचित ही गाडी आधी तशीच असेल आणि मागच्या मालकाने ते काढताना काहीतरी अर्धवट ठेवलं असेल, आणि हे सगळं तिथूनच असेल. या विचाराने मला थोडा धीर आला. गाडी पुन्हा आली तेव्हा मी सगळ्यात आधी कागद बघितले. गाडी पहिल्या दिवसापासून हरिदासजींच्याच नावावर होती.

तेव्हा आचलला नववा लागला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता कधीही कळा सुरू होतील, तेव्हा पंधरा दिवसांची वाट बघू नका, पोटात जरा दुखलं की घेऊन निघा. हरिदासजींनी ते मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. “रात असो का दिवस, आपली गाडी तयार पायजे,” ते म्हणाले. “तेवढा हा लाइटचा लफडा मिटवा.”

मी मागच्या दिव्याच्या वायरीतून एक लांब वायर काढून आत आणली आणि तिला लहानसा बल्ब जोडला. मागे ब्रेक लाइट लागला की माझ्या मुठीतला बल्बही लागणार. मग मी आचलच्या शेजारी मागच्या सीटवर बसलो आणि आम्ही चौघं आर्वीच्या रस्त्याला लागलो. आचल खिडकीला डोकं टेकून पेंगत होती, एक हात पोटावर. मी मुठीकडे बघत होतो आणि दोन सीटांच्या फटीतून पुढे बघत होतो.

अन्नपूर्णाबाईंनी चप्पल काढून बाजूला ठेवली होती. त्यांचा उजवा पाय अनवाणी, खालच्या मॅटवर सपाट टेकलेला होता. समोर लांबवर कापसाची बैलगाडी दिसली. त्यांच्या पायाची बोटं वाकली, तळवा खाली दाबला गेला, घोट्याची शीर वर आली. माझ्या मुठीत बल्ब लागला. गाडीचा वेग कमी झाला. बैलगाडी मागे पडली, त्यांनी पाय सैल सोडला आणि बल्ब विझला. शेजारी बसलेली भित्री माणसं पाय दाबतातच. मोहिनीही दाबते, माझ्या मोटरसायकलवर बसून दाबते. हे मी मनाशी म्हणालो. मग गतिरोधक आला आणि पुन्हा तसंच झालं. मग एक शेळी. मग वळण. मी नऊ वेळा मोजलं. नऊ वेळा अन्नपूर्णाबाईंचा पाय आधी, मग माझ्या मुठीतला उजेड, मग गाडी. हरिदासजी आरामात बसले होते, स्टिअरिंगवर दोन्ही हात अगदी नियमात, आणि मला आपल्या धारणीच्या घाटातल्या ड्युटीची गोष्ट सांगत होते.

दुकानात परतल्यावर हरिदासजी आणि आचल समोर चहाला गेले. मी अन्नपूर्णाबाईंना खाली उतरायला सांगितलं. त्या नाइलाजाने उतरल्या. मी डाव्या बाजूची मॅट उचलली, खालचं कापड खिळे काढून पूर्ण मागे केलं. कुठलंही पेडल नव्हतं, पेडलची जुनी जागा नव्हती, एकही वायर तिथून जात नव्हती. मागे जाणाऱ्या साऱ्या वायरी उजव्या बाजूने जात होत्या. डावीकडे नुसता पत्रा होता. त्या पत्र्यावर, जिथे त्यांचा पाय येत होता तिथे, रंग उडून लोखंड चकचकीत झालं होतं. तेवढं सोडलं तर तिथं काही नव्हतं.

“काकू,” मी विचारलं, “हे काय आहे?”

“मले काय मालूम भाऊ,” त्या म्हणाल्या. “मले त सायकल बी चालवता येत नाई. मी नुसती भेतो, अन् पाय दाबतो.”

“कधीपासून?”

त्यांनी रस्त्यापलीकडे टपरीकडे बघितलं. हरिदासजींची पाठ होती. “यायले शुगर हाये. दोन सालापासून तळपाय बधिर झाले. चप्पल निसटून जाते, यायले समजत नाई. डाक्टरले सांगत नाई, कोनाले सांगत नाई. दिवाळीच्या वक्ती माझे गुडघे लय दुखत होते. मी सीटवर मांडी घालून बसली. त गाडी थांबलीच नाई भाऊ. सीधी तुरीत घुसली. मातीत रुतली म्हनून थांबली. हे म्हनतेत, कुत्रं आडवं आलं. कुत्रं नवतं.”

“मग किल्ली काढून घ्या ना त्यांची.”

“रिटायर झाले तवा सहा महिने खाटेवरून उठले नाई. मग पोराच्या मांगं लागून ही गाडी घेतली, तवा मानूस उभा राह्यला. गाडी गेली त माझा मानूस जाईन.” मग त्यांनी असं केलं की मला ओशाळल्यासारखं झालं, त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. “पोरीचं बाळंतपन होऊ द्या. महिन्याभराचा सवाल हाये. मंग मी सोताच किल्ली इहिरीत टाकतो. तवरक जे जसं हाये तसं राहू द्या. तुमी काई करू नका.”

त्यांचं ऐकायला हवं होतं. आता मी हे मान्य करतो. पण तेव्हा मला त्यांचाच संशय आला. बाई मनाने घाबरट, नवऱ्याची गाडी बंद करायची आहे आणि स्वतःच्या तोंडून सांगायचं धाडस नाही, म्हणून मला कथा सांगत आहे, असं माझ्या डोक्याने चटकन जुळवून टाकलं. डोळ्यांनी नऊ वेळा पाहिलेलं खोटं ठरवायला माणसाला किती थोडा वेळ लागतो! त्यात हरिदासजी चहा पिऊन परत आले आणि उखडलेलं कापड पाहून म्हणाले, “सापडला का? का कैलासच बरा म्हना?”

तो टोमणा मला झोंबला. मी म्हणालो, “सापडला. पत्र्यातून करंट उतरून राह्यला.”

असं काही नव्हतं. बारा व्होल्टचा करंट माणसाच्या तळव्यातून जाऊन दिवा लावत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण माझ्याकडे एका कापसाच्या जिनिंग मिलच्या कामातून उरलेली रबराची जाड मॅट पडून होती, विजेच्या मोठ्या पॅनलपुढे कामगाराला करंट लागू नये म्हणून टाकतात ती. आम्हा वायरमनचं असंच असतं. काही कळेनासं झालं की मधे रबर घालायचं. मी ती मॅट मापात कापली, डाव्या बाजूच्या पत्र्यावर पसरली, कडेने चिकटवली आणि वर कापड पुन्हा ठोकलं. अन्नपूर्णाबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी मला थांबवलं नाही. नवऱ्यासमोर त्या काय बोलणार होत्या?

मग गाडी भिंतीकडे उलटी लावून आणि त्यांना बसवून मी म्हणालो, “काकू, दाबा पाय.”

त्यांनी दाबला. माझ्या मुठीतला बल्ब लागला नाही. “जोरानं दाबा.” त्यांनी दोन्ही पायांनी दाबलं, ओठ आवळून, सारा भार टाकून. भिंत पांढरीच राहिली. मला आनंद झाला. तो लपवून काय फायदा, मला अगदी पोरासारखा आनंद झाला. जे कैलासला जमलं नाही ते मला जमलं होतं, आणि ते कसं जमलं हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

“आता तुमी दाबा काकाजी,” मी मागे जाऊन दिव्यांसमोर उभा राहिलो.

“दाबला,” हरिदासजी आतून म्हणाले.

दिवे बंद होते.

“दाबा ना जी.”

“दाबलाच हाये ना!”

मी पुढे आलो आणि दारातून खाली पाहिलं. त्यांचा पाय ब्रेकच्या वर, बोटभर उंचीवर, हवेत होता. अगदी दाबावा तसा ताणलेला, थोडा थरथरणारा. त्यांचा चेहरा निर्धास्त होता. मी म्हणालो, “खाली बघून दाबा.” त्यांनी खाली बघितलं, क्षणभर काही समजलं नाही असा चेहरा केला, मग पाय नेटाने खाली नेला. मागे भिंतीवर लाल उजेड पडला. “लागली ना?” ते म्हणाले. “झालं त मंग.”

झालं, असं मीही म्हणालो. माझं काम दिव्यापर्यंत, पायाशी माझा काय संबंध, असं मी स्वतःला सांगितलं, आणि हत्यारं पुसायला लागलो. आचल मागे बसली. बसताना तिने पोटाखाली हात धरून एक लांब श्वास घेतला आणि आईला म्हणाली, “आई, थोडं दुखून राह्यलं.” हरिदासजी म्हणाले की प्रवासाने दुखत असेल, घरी जाऊन पडलीस की बरं वाटेल. अन्नपूर्णाबाई खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या. रागावलेल्या नव्हत्या. जाणाऱ्या माणसाने घरात काही राहिलं का म्हणून बघावं तसं बघत होत्या. मी म्हणू शकलो असतो, थांबा, मॅट काढतो. पाच मिनिटांचं काम होतं. पण हरिदासजींसमोर माझीच दुरुस्ती मीच उखडून काढायची, हे माझ्या जिवावर आलं. गाडी सुरू झाली आणि नाक्याकडे निघाली.

मी रस्त्यापर्यंत आलो. दिवस चांगलाच वर होता, सगळं स्वच्छ दिसत होतं. गाडी साधारण दोनशे हात पुढे गेली असेल, तेवढ्यात डावीकडच्या गल्लीतून कापसाने गच्च भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर उलटा येऊ लागला. ट्रॉलीचा मागचा भाग हळूहळू अर्ध्या रस्त्यावर आला. राखाडी गाडीचे दिवे लागले नाहीत. मी वाट पाहिली. आता लागतील, आता लागतील. मागच्या काचेतून मला आचलचं डोकं दिसत होतं, आणि पुढे डावीकडे अन्नपूर्णाबाई सीटवरून अर्ध्या उठलेल्या दिसत होत्या, दोन्ही हात समोर टेकून, सगळ्या अंगाने खाली रेटत. दिवे लागले नाहीत. गाडीचा वेग तसाच होता. माझ्या तोंडून हाक फुटली, पण ती कोणाला ऐकू जाणार नव्हती.

आणि माझा उजवा पाय डांबरावर दाबला गेला.

मी दाबला असं म्हणता येणार नाही. बोटं वाकली, तळवा ताठ झाला, घोट्यापासून मांडीपर्यंत कळ गेली, आणि तिकडे दोन लाल दिवे लागले. गाडीचं तोंड खाली झुकलं, टायर घासल्याचा आवाज इथपर्यंत आला, आणि ट्रॉलीपासून दोन हातांवर ती उभी राहिली. ट्रॅक्टरवाल्याने वळून हात वर केला. ट्रॉली गल्लीत परत गेली, रस्ता मोकळा झाला. मी भानावर येऊन पाय सैल सोडला. दिवे विझले आणि गाडी पुन्हा चालू लागली.

मी पुन्हा दाबला, मुद्दाम, खरं आहे का ते बघायला. दिवे लागले, गाडी थबकली. मागच्या मोटरसायकलवाल्याने हॉर्न दिला. मी सोडला. गाडी निघाली. पुढे नाक्यावरचं वळण होतं, तिथे एक बस उभी होती आणि लोक रस्ता ओलांडत होते. मी घाईने दाबला, लोक गेले, सोडला. मग गाडी बसच्या आडून वळली आणि दिसेनाशी झाली.

तिथून आष्टी ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. वळणापलीकडे काय आहे, किती गतिरोधक आहेत, बैलगाड्या कुठे कुठे आहेत, कोण कुठून आडवं येतं, यातलं मला काहीच दिसत नव्हतं. मी पाय दाबला आणि दाबूनच धरला. आता गाडी कुठेतरी रस्त्याच्या मधोमध उभी असेल आणि मागून ट्रक येत असतील, असं लगेच वाटलं. त्यांना फोन करायला हवा होता, किल्ली काढून घ्या काकू, रस्त्यावरच उतरा सगळे, एवढंच सांगायला हवं होतं.

फोन दुकानात टेबलावर होता, फार तर दहा पावलांवर. तिथपर्यंत जायचं, तर पाय उचलावा लागणार होता.